गाठ लहान असतानाच

पचनमार्गातील लहान गाठ पोट न उघडता, तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे आत सोडलेल्या दुर्बिणीतून काढणे ही आज मोठ्या शहरांतील रुग्णालयांत नित्याची गोष्ट झाली आहे. गाठ साधी असेल तर सकाळी उपाशीपोटी आलेला रुग्ण संध्याकाळी घरी जातो. साठ वर्षांपूर्वी मोठ्या आतड्यातील त्याच गाठीसाठी पोटावर वीतभर चीर घ्यावी लागे, आतडे उघडून पुन्हा शिवावे लागे आणि रुग्णाला कित्येक दिवस खाटेवर पडून राहावे लागे. हा पल्ला गाठायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. काच, वीज आणि तार यांतील शोध त्यासाठी कामी आले. तरी गाठ लहान असतानाच ती हुडकणाऱ्यांचा वाटा या इतिहासात कमी नाही. दुर्बिणीतून काढता येते ती लहान गाठ, आणि लहान गाठ बहुधा दुखत नाही, अडत नाही, रुग्णाला दवाखान्याची पायरी चढायला लावत नाही. ज्या देशांनी ती शोधण्याची व्यवस्था उभी केली, तिथे ती काढण्याचे तंत्रही बहरले. शोधण्याच्या या कामाचा एक मोठा धडा बार्शी आणि धाराशिवच्या खेड्यांतून जगाला मिळाला. तिथला रोग पचनमार्गाचा नव्हता, पण प्रश्न तोच होता.

लहान गाठीला एवढे महत्त्व का, हे आतड्याच्या भिंतीकडे पाहिले की कळते. अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंत ही भिंत थराथरांची असते. सर्वांत आत श्लेष्मल अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांनी भरलेला सैल उपश्लेष्मल थर, त्यापलीकडे स्नायूंचा थर, आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत बाहेर एक पातळ आवरण. अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला हे बाहेरचे आवरणही नसते. मोठ्या आतड्याची सगळी भिंत मिळून जेमतेम काही मिलिमीटर भरते. कर्करोग सुरू होतो तो अस्तरात. तो तिथेच आहे तोवर लसिकाग्रंथींपर्यंत पोचण्याची शक्यता फार कमी असते, म्हणून तेवढे अस्तर काढले की काम भागते. तो खालच्या सैल थरात खोल शिरला की पेशी लसिकावाहिन्यांतून ग्रंथींत जाऊन बसल्या असण्याचा धोका वाढतो, आणि मग आतड्याचा किंवा जठराचा भाग ग्रंथींसह कापावा लागतो. शरीरभर पसरू शकणारा आजार आणि जागच्या जागी संपवता येणारा आजार यांच्यात कित्येकदा मिलिमीटरभराचेच अंतर असते.

शरीराच्या आत डोकावण्याचे पहिले नोंदलेले साधन १८०६ चे. फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी या डॉक्टरने मेणबत्तीचा उजेड आरशाने वळवून नळीतून आत सोडण्याची युक्ती काढली. व्हिएन्नातील वैद्यकीय मंडळींनी ती बाजूला सारली. साठ वर्षांनी, १८६८ मध्ये, फ्रायबुर्गच्या ॲडॉल्फ कुसमाउलने जठर पाहण्यासाठी ४७ सेंटिमीटर लांबीची सरळ धातूची नळी बनवली. ती गिळायला त्याने एका तलवार गिळणाऱ्या खेळकऱ्यालाच बोलावले. मान मागे टाकून तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत आणण्याची विद्या त्या माणसाला पोटासाठी साधलेली होती. नळी जठरात गेली, पण दिव्याचा उजेड तळापर्यंत पोचेना आणि आतला द्राव दृष्टी झाकू लागला. तरीही सरळ नळी माणसाच्या जठरात जाऊ शकते, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले. १८८१ मध्ये योहान मिकुलिच याने व्हिएन्नात विजेच्या तारेचा दिवा लावलेली दुर्बीण वापरून जठर पाहिले. मात्र कडक नळीने अन्ननलिका फाटण्याची भीती पुढची पन्नास वर्षे कायम राहिली.

ती भीती कमी केली रुडॉल्फ शिंडलरने. म्युनिकच्या या डॉक्टरने गेओर्ग वोल्फ या उपकरण बनवणाऱ्याच्या साथीने १९३२ मध्ये टोकाकडून थोडी वाकणारी, आत अनेक भिंगे बसवलेली दुर्बीण तयार केली. पुढे नाझी राजवटीत त्याला अटक झाली आणि सुटकेनंतर १९३४ मध्ये तो शिकागोला गेला. अमेरिकेत जठराची दुर्बीण रुजली ती त्याच्यामुळे. याच म्युनिकमध्ये १९३० साली हाइनरिश लाम या वैद्यकीय विद्यार्थ्याने काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून प्रतिमा पलीकडे नेण्याचा प्रयोग केला होता. प्रतिमा धूसर आली आणि कल्पना मागे पडली. लाम ज्यू होता. त्यालाही देश सोडावा लागला. वैद्यकशास्त्राची किती वर्षे त्या राजवटीने खाल्ली, याचा हिशेब कधी लागणार नाही.

तंतूंची ती कल्पना लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पुन्हा जागी झाली. कडक दुर्बिणीने रुग्णांचे होणारे हाल एका डॉक्टरने जेवणाच्या टेबलावर हॅरल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञाला सांगितले, आणि हॉपकिन्सने त्यावर विचार सुरू केला. त्याच्या हाताखाली संशोधन करणारा तरुण पंजाबातील मोग्याला जन्मलेला आणि देहरादूनला वाढलेला नरिंदर सिंग कपानी होता. जानेवारी १९५४ मध्ये या दोघांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. हजारो तंतू दोन्ही टोकांना एकाच क्रमाने रचले तर वाकलेल्या जुडीतूनही प्रतिमा जशीच्या तशी जाते, हे त्यात दाखवले होते. तो वाचून मिशिगन विद्यापीठातील बेसिल हिर्शोविट्झ कामाला लागला. शेजारच्या तंतूत उजेड झिरपू नये म्हणून प्रत्येक तंतूवर वेगळ्या काचेचे वेष्टण चढवण्याची युक्ती लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने शोधली. फेब्रुवारी १९५७ मध्ये हिर्शोविट्झने नवी दुर्बीण आधी स्वतःच्या घशातून आत घातली, मग रुग्णाला तपासले.

जपानने तोवर वेगळी वाट धरली होती. १९५० मध्ये टोकियोचे डॉक्टर तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीचे अभियंते मुत्सुओ सुगिउरा व मासाहारु फुकामी यांनी नळीच्या टोकाला इवलासा कॅमेरा आणि दिवा बसवला. तो रुग्णाने गिळायचा, बाहेरून कळ दाबून आत फोटो काढायचे, आणि फिल्म धुतल्यावर ते पाहायचे. खोलीत अंधार केला की दिवा चमकताच पोटाच्या कातडीवर उजेड दिसे आणि त्यावरून कॅमेरा कुठे आहे याचा अदमास घेतला जाई. जठराचा कर्करोग हा त्या काळी जपानमधला सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग होता, म्हणून एवढा आटापिटा. पुढे तंतूंची दुर्बीण आणि हा कॅमेरा एकत्र आले. १९८३ मध्ये वेल्च ॲलिन या अमेरिकी कंपनीने दुर्बिणीच्या टोकावर इलेक्ट्रॉनिक संवेदक बसवला आणि एका डोळ्याला दिसणारे दृश्य पडद्यावर सगळ्यांना दिसू लागले. डॉक्टर, परिचारिका आणि शिकणारे एकाच वेळी तेच पाहू लागले. पुढच्या नाजूक शस्त्रक्रिया यामुळेच शिकवता आल्या.

आत दिसू लागले तरी कापणे बाकी होते. त्यासाठीचे हत्यार शल्यचिकित्सेत आधीच आले होते. उच्च वारंवारतेचा वीजप्रवाह स्नायूंना झटका न देता ऊती कापतो आणि रक्तवाहिन्या जागीच बंद करतो. १९२६ मध्ये बोस्टनला विल्यम बोवीच्या यंत्राने हार्वे कुशिंगने मेंदूतील गाठ काढली तेव्हापासून हे तंत्र रूढ झाले. १९६८ च्या सुमारास जपानमध्ये जठरातील पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या गाठी, दुर्बिणीतून फासाने काढले गेले. मोठ्या आतड्यातील वाट मोकळी केली ती न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात. फुकुओका प्रांतातून तिथे गेलेला हिरोमी शिन्या आणि त्याचा वरिष्ठ विल्यम वोल्फ यांनी दुर्बिणीच्या पोटातील बारीक नळीतून जाईल असा तारेचा फास तयार केला. पॉलिपच्या देठाभोवती तो टाकायचा, हळूहळू आवळायचा आणि प्रवाह सोडायचा. देठ तुटतो आणि बुडातील रक्तवाहिनी त्याच क्षणी मिटते. सप्टेंबर १९६९ मध्ये त्यांनी अशा रीतीने पहिला पॉलिप काढला.

त्या वेळी सर्वांना हे पटले नाही. पॉलिप म्हणजे कर्करोगाची पूर्वावस्था का, यावरच वाद होता. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील बेसिल मॉर्सन यांनी हजारो नमुने पाहून साध्या ग्रंथिल पॉलिपमधूनच पुढे कर्करोग होतो हे मांडले, आणि त्याला बहुधा दहाच्या आसपास वर्षे लागतात असे पुढे मानले गेले. याचा पुरावा १९९३ मध्ये आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय पॉलिप अभ्यासात पॉलिप काढलेल्या १,४१८ जणांना सरासरी सहा वर्षे पाहिले गेले. त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी निघाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ५३ टक्क्यांनी कमी दिसले. कर्करोग बरा करणारे उपचार पुष्कळ आहेत. तो होऊच न देणारे थोडे, आणि शिन्याचा तारेचा फास त्यांतला एक.

फास चालतो तो देठाच्या पॉलिपला. अस्तराला चिकटून पसरलेल्या बसक्या गाठीवर तो टाकला तर निसटतो, किंवा जास्त धरला तर खालचा स्नायू धरतो आणि आतड्याला भोक पडते. यावर उपाय निघाला तो साध्या सलाइनचा. अस्तर आणि स्नायू यांच्यामधल्या सैल थरात सुईने सलाइन भरले की गाठ उशीसारखी वर उचलली जाते आणि स्नायू खाली सुरक्षित राहतो. १९५५ मध्ये एन. रोझेनबर्ग यांनी कडक नळीतून हे करून पाहिले होते, आणि १९७३ मध्ये डायले व त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचिक दुर्बिणीतून केले. १९८४ मध्ये जपानच्या तादा यांनी जठरातील सुरुवातीच्या कर्करोगासाठी ते वापरले, आणि पुढे हारुहिरो इनोउए यांनी दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी लावून गाठ तिच्यात ओढून घेण्याची रीत आणली. मात्र दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ फासात एकदम मावत नाही, तुकड्यातुकड्यांनी काढावी लागते. तुकडे झाले की कडा कुठली, खोली किती, हे पॅथॉलॉजिस्टला नेमके सांगता येत नाही, आणि गाठ पुन्हा उगवण्याचे प्रमाण वाढते.

एवढ्या बसक्या, लहान कर्करोगांची गाठ जपानला पडली कशी? तिथे १९६० पासून बेरियम पाजून एक्स-रे काढणाऱ्या फिरत्या गाड्या गावोगाव जाऊ लागल्या आणि १९८३ मध्ये जठराची तपासणी कायद्याने देशभर लागू झाली. १९६२ मध्येच तिथल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांनी सुरुवातीच्या कर्करोगाचे बाह्यरूपावरून वर्गीकरण ठरवले होते. काही उंचवट्याचे, काही सपाट, काही किंचित खोलगट. रंगात थोडा फरक, अस्तराच्या वळ्यांचा अचानक थांबलेला माग, एवढ्या खुणांवरून कर्करोग ओळखायला तिथले डॉक्टर शिकले. नजर तयार झाली, तेव्हा हाताने काय करायचे हा प्रश्न पुढे आला.

त्याचे उत्तर चाकूने दिले. १९८० च्या दशकात हिराओ यांनी गाठीभोवती सुईसारख्या चाकूने आधी चीर घेऊन मग ती फासात धरण्याची पद्धत काढली, पण त्या टोकदार चाकूने भोक पडण्याचा धोका मोठा होता. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात होसोकावा आणि योशिदा यांनी चाकूच्या टोकाला सिरॅमिकचा बारीक मणी बसवला. मण्यातून वीज जात नाही, म्हणून टोक स्नायूला टेकले तरी ते कापत नाही. कापते ती फक्त बाजूची धार. ओनो, गोतोदा आदींनी हे तंत्र पुढे नेले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस गाठ कितीही पसरट असो, अख्खी एका तुकड्यात सोलून काढणे शक्य झाले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या शस्त्रक्रियेला ईएसडी म्हणतात.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहण्यासारखी असते. गाठीच्या कडेपासून थोडे अंतर सोडून आधी विजेच्या टोकाने गोलाकार ठिपके काढले जातात, कारण अस्तर फुगल्यावर कड ओळखू येत नाही. मग सुईने सलाइन किंवा हायल्युरोनिक आम्लाचा दाट द्राव भरतात, आणि त्यात इंडिगो कार्मिन हा निळा रंग मिसळलेला असतो. ठिपक्यांच्या बाहेरून सबंध चीर घेतली की दुर्बिणीची टोपी त्या फटीत शिरते. वर गाठीची खालची बाजू, खाली पांढरट स्नायू, आणि मध्ये निळा, कापसासारखा विरळ थर. चाकू चालतो तो फक्त त्या निळ्या भागात. मध्येच एखादी रक्तवाहिनी आडवी येते. ती कापण्याआधी चिमट्यात धरून विजेने मिटवावी लागते, नाहीतर क्षणात सगळे लाल होऊन दिसेनासे होते. तास-दोन तास, कधी त्याहून अधिक वेळ हे चालते. निघालेला तुकडा रबराच्या किंवा कॉर्कच्या पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवतात आणि फॉर्मलिनमध्ये ठेवतात. प्रयोगशाळेत त्याचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करून कडा मोकळ्या आहेत का, पेशी किती खोल गेल्या, वाहिन्यांत शिरल्या का, हे पाहिले जाते. उपचार पुरा झाला की नाही, हे त्या अहवालावर ठरते.

कोणाची गाठ अशी काढावी आणि कोणाला शस्त्रक्रियेला पाठवावे, याचा आधार जपानच्या शस्त्रक्रियांच्या नोंदींतून आला. गोतोदा आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या कर्करोगासाठी जठर काढलेल्या ५,२६५ रुग्णांचे नमुने तपासून २००० साली निष्कर्ष मांडले. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या, अस्तरापुरत्या, ठरावीक प्रकारच्या १,२३० कर्करोगांपैकी एकातही लसिकाग्रंथींत रोग पोचलेला नव्हता. या लोकांची जठरे वाचू शकली असती, हे त्या आकड्याने सांगितले. २००६ मध्ये जपानच्या आरोग्यविम्याने जठराच्या ईएसडीला मान्यता दिली, पुढे अन्ननलिकेला आणि २०१२ मध्ये मोठ्या आतड्यालाही.

भारतात दुर्बीण लवकर आली. पचनविकारांच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना १९६० मध्ये आणि एंडोस्कोपीची स्वतंत्र संस्था १९७९ मध्ये उभी राहिली. हैदराबादला डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांनी उभारलेल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीत आणि मुंबईत डॉ. अमित मायदेव यांच्याकडे देश-परदेशचे डॉक्टर शिकायला येऊ लागले. मायदेव यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, रेड्डी यांना २०२५ मध्ये पद्मविभूषण. फासाने पॉलिप काढणे जिल्ह्याच्या शहरांपर्यंत पोचले. ईएसडी मात्र सावकाश रुजली, आणि त्याचे कारण हातांच्या कौशल्यात शोधू नये. जपानी डॉक्टर आधी जठराच्या जाड भिंतीवर शेकडो लहान कर्करोगांवर शिकतो आणि मग अन्ननलिकेकडे किंवा आतड्याकडे वळतो. भारतात जठराचा कर्करोग सापडतो तो बहुतेक वेळा पुढे गेलेला. शिकायलाच गाठी नाहीत, म्हणून डुकराच्या जठरावर सराव करावा लागतो आणि प्रत्यक्षात सुरुवात गुदाशयातील गाठींपासून होते. त्याच थरात शिरून अन्ननलिकेचा आवळलेला स्नायू कापण्याची, इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केलेली पोएम ही शस्त्रक्रिया भारतात झपाट्याने पसरली, कारण त्या आजाराचा रुग्ण घास अडकतो म्हणून स्वतःहून येतो. लहान कर्करोगाचा रुग्ण येत नाही. हात तेच, हत्यार तेच. उणीव होती ती शोधण्याची.

शोधण्याचे काम खेड्यात कसे करावे, हे बार्शीने दाखवले. १९८१ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेलेल्या अभिनेत्री नर्गिस यांच्या नावाने बार्शीत कर्करोग रुग्णालय उभे राहिले, आणि टाटा स्मारक केंद्राच्या साह्याने तिथे ग्रामीण कर्करोग प्रकल्प सुरू झाला. डॉ. भगवान नेने यांनी तो चालवला. १९८७ मध्ये बार्शीत देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरात रुग्णालयांची कागदपत्रे चाळली की नोंद होते. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, मृत्यूचे कारण कागदावर येत नाही. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते ठरलेल्या पाळीने गावात जात, लोकांना जमवून सुरुवातीच्या लक्षणांची माहिती देत, कोणाला शंकास्पद काही असेल तर बार्शीला तपासणीसाठी धाडत. नोंद ठेवता ठेवता हीच यंत्रणा रोग लवकर ओळखण्याची झाली, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये आधीच्या टप्प्यात येणाऱ्यांचे प्रमाण वाढले. फक्त माणसे गावात जाऊन बोलली, त्याचा हा परिणाम होता.

गावोगावच्या या भेटींतून मिळालेल्या विश्वासावर पुढचे मोठे काम उभे राहिले. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि लियॉंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या, आणि डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातील प्रमुख नावे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया गावांच्या ५२ समूहांतून चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. ज्यांच्यात पूर्वावस्था सापडली त्यांच्यावर लगेच उपचार झाले, लहान डागांवर गोठवण्याचा आणि मोठ्यांवर विजेच्या तारेच्या फासाने तेवढा भाग काढण्याचा.

इथे दोन्ही इतिहास एकमेकांना भिडतात. तारेचा फास आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह हे शिन्याच्याच तत्त्वाचे हत्यार. ॲसेटिक आम्लाने बिघडलेले अस्तर पांढरे पडते, म्हणून अन्ननलिकेच्या व जठराच्या काही तपासण्यांत ते दुर्बिणीतून फवारतात. ल्युगोलचे आयोडीन निरोगी पेशींतील ग्लायकोजेनमुळे अस्तर तपकिरी करते आणि रोगट जागा पिवळसर राहते. अन्ननलिकेतील सुरुवातीचा कर्करोग आजही असाच पकडतात, आणि गर्भाशयमुखावरही तेच आयोडीन वापरले जाते.

२००९ च्या एप्रिलमध्ये अभ्यासाचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात पुढे गेलेले कर्करोग ३९ आणि मृत्यू ३४. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात पुढे गेलेले कर्करोग ८२ आणि मृत्यू ६४. इतर दोन पद्धतींच्या गटांत लक्षणीय घट दिसली नाही. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले होते. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे नीतिमत्तेचे आक्षेप घेतले गेले, आणि ते गंभीर होते. त्या स्त्रियांच्या वाट्याला आलेले मृत्यू आकड्यांतून वेगळे काढता येत नाहीत. तरी एचपीव्ही चाचणीला जगभर जे स्थान मिळाले, त्यामागे या जिल्ह्याचा पुरावा आहे.

तेर याच जिल्ह्यातले. महाराष्ट्राला ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे, अभ्यासकांना सातवाहनकाळातले तगर म्हणून. तिथले कापड भडोच बंदरामार्गे रोमन जगापर्यंत जाई. आज तेरणाकाठच्या या गावातील रुग्णाला साध्या एंडोस्कोपीसाठी बार्शी, लातूर किंवा सोलापूरसारखे शहर गाठावे लागते, ईएसडीसाठी पुणे, मुंबई नाहीतर एके काळी या मुलखाची राजधानी असलेले हैदराबाद. मग सरसकट सगळ्यांची दुर्बिणीने तपासणी करावी का? राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात उस्मानाबाद आणि बीड या जोडक्षेत्राचा वयानुरूप दर लाखामागे पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४ आहे. देशातील नोंदणीक्षेत्रांत हे दोन्ही आकडे सर्वांत कमी. तुलनेला मिझोरममधील ऐझॉल, जिथे पुरुषांचा दर २६९.४ आहे. इतक्या कमी दराच्या भागात निरोगी माणसांना सरसकट दुर्बीण घालणे रास्त ठरत नाही. भोक पडणे किंवा रक्तस्राव हे धोके थोडे असले तरी खरे असतात. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतही तीस वर्षांवरील लोकांच्या तपासणीसाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख हेच तीन कर्करोग आहेत. पचनमार्गाचे त्यात नाहीत.

अशा भागात लक्षणांकडे वेळेवर पाहणे हाच मार्ग उरतो. शौचातून पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून महिनोन्‌महिने जडीबुटी चालते, आणि मोठ्या आतड्यातला काढता येण्याजोगा पॉलिप तेवढ्यात हाताबाहेर जातो. काळी शी, कारणाविना कमी झालेले रक्त, घटलेले वजन, घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना झालेला आतड्याचा कर्करोग, यांपैकी काही असेल तर दुर्बीण लगेच हवी. अन्ननलिकेचे गणित अधिक कठीण आहे. घास अडकायला लागतो तोवर नळी बरीच अरुंद झालेली असते आणि दुर्बिणीतून गाठ काढण्याची वेळ बहुधा गेलेली असते. म्हणून वर्षानुवर्षे तंबाखू, मिश्री किंवा दारू असलेल्या माणसाची दुसऱ्या कारणाने दुर्बीण होत असेल, तर त्याच वेळी अन्ननलिका काळजीपूर्वक, गरज पडल्यास आयोडीन फवारून, पाहणे शहाणपणाचे. याउलट गुदाशयातील एक सेंटिमीटरखालच्या न्यूरोएंडोक्राइन गाठी बहुतेक योगायोगाने सापडतात आणि दुर्बिणीतून काढल्या की सहसा तिथेच संपतात.

गाठ काढल्यावर पुढची तपासणी अहवालावरून ठरते. अमेरिकेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे मोठ्या आतड्यात एक सेंटिमीटरखालचे एक-दोन साधे पॉलिप निघाले तर पुढची कोलोनोस्कोपी सात ते दहा वर्षांनी, तीन-चार निघाले तर तीन ते पाच वर्षांनी, आणि एखादा मोठा किंवा पाच ते दहा पॉलिप निघाले तर तीन वर्षांनी. अन्ननलिकेतून कर्करोग काढलेल्या तंबाखूच्या रुग्णाला मात्र एवढी सवलत नसते. ज्या धुराने आणि रसाने अन्ननलिकेचे अस्तर बिघडवले, त्यानेच तोंडाचे आणि घशाचेही बिघडवलेले असते, आणि बार्शीच्या नोंदणीत पुरुषांमध्ये वरचेवर दिसणारे कर्करोग नेमके याच तीन जागांचे आहेत. अशा रुग्णाच्या फेरतपासणीत दुर्बीण अन्ननलिकेत उतरण्याआधी जीभ, गाल, टाळा आणि स्वरयंत्राभोवतीची घशाची पोकळी पाहिली जाते, आणि ही तपासणी पुढे अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.